नंतर सांगते

पाच वर्षांच्या पोराला घरातलं काय काय ठाऊक असतं, हे एकदा निवांत बसून आठवून पाहावं. धाकट्या काकूचं आणि आजीचं सध्या बोलणं नाही. गॅस संपत आलाय, म्हणून आज भजी नाहीत. शेजारच्या ताईला बघायला मंडळी आली होती आणि ती गेल्यावर ताई आतल्या खोलीत जाऊन रडली. बाबांच्या साहेबांचा विषय निघाला की बाबांचा आवाज चढतो. यातलं काहीही त्याला कुणी समोर बसवून शिकवलेलं नसतं. ते पलंगाखाली गाडी फिरवत असतं, पाठ आपल्याकडे असते, आणि कान मात्र घरभर हिंडत असतात. शब्द, नाती, लाज, थट्टा, पैशाची अडचण, सगळं त्याच्यात असंच मुरतं.

कर्णबधिर मुलाला हे मिळत नाही. त्याच्याकडे तोंड करून, त्याचं लक्ष वेधून, मुद्दाम सांगितलेलं तेवढंच त्याच्या वाट्याला येतं. आणि मुद्दाम सांगितलेलं म्हणजे बहुतेक वेळा हुकूम. ये, बस, जेव, नको, चल, झोप. एवढ्या शिदोरीवर माणसाचं मन वाढवायचं म्हणजे कठीण आहे.

मी बरीच वर्षं कर्णबधिर मुलांच्या शाळेत बालवर्ग घेतला. कराड-पाटणकडच्या गावांतून मुलं यायची, बरोबर आई, कधी आजी. वडील क्वचित. वर्ग सुटला तरी काम संपत नसे, कारण गृहभेटी असत. मूल शाळेत काही तास आणि घरी सगळा दिवस. भाषा रुजायची तर ती घरातच. त्या घरांत मी सगळ्यांत जास्त ऐकलेलं वाक्य म्हणजे 'नंतर सांगते'. सगळे जेवायला बसलेले असतात. कुणीतरी काहीतरी बोलतं, हशा पिकतो. मूल एकेका चेहऱ्याकडे बघतं, आईचा दंड हलवतं, भुवया उंचावून विचारतं. आई हसू आवरत हाताने थांबवते. काही नाही रे, नंतर सांगते. ते नंतर कधी उगवत नाही, कारण तोवर विनोद शिळा झालेला असतो आणि मोरीत भांडी पडलेली असतात. पाश्चात्त्य देशांतल्या बहिऱ्या मंडळींनी या अनुभवाला 'डिनर टेबल सिंड्रोम' असं नावच देऊन टाकलं आहे. आपल्याकडे टेबल नसेना का, दुखणं तेच.

यात आईचा दोष काढायला मी बसलेली नाही. कर्णबधिर मुलांपैकी शंभरातली नव्वदहून अधिक ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. आईने तोवर बहिरं माणूस पाहिलेलं असतं ते म्हणजे वयोमानाने ऐकू न येणारे सासरे. तान्ह्या बाळाला ऐकू येत नसेल ही शंका पहिल्यांदा तिलाच येते आणि पहिल्यांदा तिचीच उडवली जाते. आजी बाळाच्या पाठीमागे थाळी बडवते, बाळ वळून बघतं, घर निश्चिंत होतं. बाळ वळलेलं असतं फरशीतून आलेल्या हादऱ्याने किंवा भिंतीवर हललेल्या सावलीने. मग 'याचा बापही चौथ्या वर्षी बोलला' हे ठरलेलं वाक्य येतं. मग नवस होतात. मग कुणीतरी जिभेखालचा पडदा कापून आणायचा सल्ला देतं. अशात दोन-अडीच वर्षं निघून जातात.

ही वर्षंच सगळ्यांत मोलाची. पोटातलं मूल सहाव्या महिन्याच्या आसपास आवाज ऐकू लागतं, म्हणजे ऐकणारं बाळ जन्मतं तेव्हाच त्याची आईच्या आवाजाशी ओळख झालेली असते. बहिऱ्या बाळाची ती उधारी जन्माआधीच सुरू होते. म्हणून जगभर एक हिशेब सांगितला जातो: पहिल्या महिन्यात कानांची चाळणी चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपाय सुरू. ओएई नावाची चाचणी झोपलेल्या बाळाच्या कानात बारीक बोंडी ठेवून काही मिनिटांत होते. शंका उरली तर बेरा ही पुढची चाचणी करतात. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये क्रिस्टीन योशिनागा-इटानो यांनी दीडशे मुलांचा अभ्यास करून १९९८ साली दाखवलं की ज्यांचं बहिरेपण सहा महिन्यांच्या आत कळलं त्यांची भाषा उशिरा कळलेल्यांपेक्षा स्पष्टपणे सरस होती, मग बहिरेपण कमी असो वा जास्त. आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत जन्मजात बहिरेपण आहे, आणि तो कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला तोही महाराष्ट्रात, पालघरमध्ये. तरीही माझ्या वर्गात तीन-तीन वर्षांची मुलं अशी यायची की आपल्याला एक नाव आहे हेच त्यांना ठाऊक नसायचं. घरात हाक मारली जायची, पण ती पोचायची कुठे?

मग मशीन येतं. श्रवणयंत्र हा शब्द कागदावरचा. घरात सगळे मशीनच म्हणतात. मशीन लावलं की पोरगं बोलणार, या भरवशावर आईबाप ते घेऊन येतात. चष्मा लावला की दिसू लागतं, तसं हे नाही. मशीन आवाज मोठा करतं, अर्थ लावत नाही. गाडीचा भोंगा, कुकरची शिट्टी, पंख्याची घरघर आणि आईचं 'बाळा' हे सगळं एकदम कानात शिरतं आणि त्यातलं आपलं कुठलं, हे मेंदूला शून्यापासून शिकावं लागतं. म्हणून आम्ही मुलाची दोन वयं लिहायचो. जन्मापासूनचं एक आणि मशीन लावल्यापासूनचं दुसरं. चार वर्षांचं मूल ऐकण्याच्या वयाने सहा महिन्यांचं असेल तर त्याच्याकडून सहा महिन्यांच्या बाळाइतकीच अपेक्षा करायची. हे आज्यांना चटकन पटायचं. बापांना कठीण जायचं, त्यांना शाळाप्रवेशाची तारीख दिसत असायची.

कॉक्लिअर इम्प्लांटचंही तेच. लाखांत जाणारी ही शस्त्रक्रिया केंद्राच्या एडिप योजनेतून लहान मुलांना मोफत मिळू शकते, आणि वेळेत झाली तर गंभीर बहिरेपण असलेली मुलंही चांगली ऐकू-बोलू लागतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण शस्त्रक्रियेच्या दिवशी मूल ऐकायला लागत नाही. काही आठवड्यांनी बाहेरचं यंत्र जोडून सुरू करतात, मग वेळोवेळी मॅपिंग, म्हणजे यंत्राची मुलाप्रमाणे जुळवणी, आणि मग वर्षानुवर्षं घरातली मेहनत. पेढे वाटायचे तर जरा थांबून वाटावेत.

यंत्राची निगा हा एक स्वतंत्र संसार आहे. मुलाचा कान वाढतो, कानात बसणारा मशीनचा साचा तेवढाच राहतो, मग मशीन शिट्टी मारायला लागतं आणि वैतागून घरचे ते काढून डब्यात ठेवतात. नवा साचा करून घ्यायचा असतो. पावसाळ्यात पाटणच्या हवेत मशीनला घाम फुटतो. रात्री ते सिलिका जेलच्या डबीत ठेवावं लागतं. बटणासारखी बॅटरी मुलाने गिळली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून तिचं झाकण पक्कं हवं. आणि रोज सकाळी, मशीन कानात बसवल्यावर, सहा ध्वनींची तपासणी. डॅनियल लिंग या शिक्षणतज्ज्ञाने ही युक्ती दिली: आ, ई, ऊ, म्, स्, श्. जाड आवाजापासून बारीक आवाजापर्यंतचा बोलण्याचा सगळा पट्टा यांत येतो. तोंड झाकून, ओठ न दाखवता, एकेक ध्वनी काढायचा आणि मूल दाद देतं का बघायचं. काल 'श्' ऐकणारं मूल आज ऐकत नसेल तर बॅटरी, साचा नाहीतर कान, यांपैकी कुणाची तरी तक्रार आहे. एक आई हे चुलीपुढे बसून, पदर तोंडावर घेऊन करायची. तिच्याइतकी चोख तपासणी मी दवाखान्यातही पाहिली नाही.

जवळ जाऊन बोला, एवढं एकच सांगायला मला कितीदा बसचा प्रवास करावा लागला. अंतर निम्मं केलं की आवाज साधारण सहा डेसिबलने वाढतो, ओरडायची गरज राहत नाही. ओरडलं की तोंड वेडंवाकडं होतं, शब्दाचा आकार मोडतो आणि मूल फक्त राग वाचतं. टीव्हीवर मालिका, मिक्सर सुरू आणि स्वयंपाकघरातून ओसरीवरच्या मुलाला हाक, यात काहीही पोचत नाही. टीव्ही बंद करणं ही महाराष्ट्रातल्या घरांत मला सगळ्यांत अवघड गेलेली थेरपी.

ओठ वाचून सगळं कळतं, हा आणखी एक गैरसमज. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता म्हणून बघा: बाबा, मामा, पापा. तिन्ही एकच. प, फ, ब, भ, म ओठांवर भावंडांसारखे दिसतात आणि क, ख, ग, घ तर घशाशी होतात, दिसतच नाहीत. त्यात आपली भाषा शेपट्या लावणारी. ने, ला, चा, ची, हून. हे तुकडे बोलण्यात इतके हलके आणि घाईचे असतात की मशीनमधूनही निसटतात. म्हणून मुलाच्या वहीत 'बाबा मी मारलं' असं वाक्य येतं आणि कुणी कुणाला मारलं ते कळायला मुलाचा गाल बघावा लागतो. यावर उपाय व्याकरणाच्या तक्त्यांचा नाही. पूर्ण वाक्यात, न तोडता, बोलत राहणं हाच आहे. 'पाणी' असा सुटा शब्द शंभरदा म्हणण्यापेक्षा 'आजीला पाणी दे', 'आजीने पाणी सांडलं', 'आजीचं पाणी कुठाय?' हे दिवसभरात खऱ्या प्रसंगाने आलेलं जास्त टिकतं.

आणि इथेच घरं चुकीच्या वाटेला लागतात. वाचातज्ज्ञांनी सांगितलेलं असतं 'मुलाशी बोला', घर ऐकतं 'मुलाला बोलायला लावा'. मग परीक्षा सुरू होते. हे काय? केळं. म्हण, केळं. म्हणशील तरच देईन. पाहुणे आले की खेळ पुन्हा: काकांना दाखव बरं, बोलून दाखव. मूल बिस्किटापुरतं बोलतं आणि बिस्किट मिळालं की गप्प होतं. मला हे बघवत नसे. ज्याचं उत्तर विचारणाऱ्याला ठाऊकच आहे असा प्रश्न आपण दुसऱ्या कुणाला विचारतो का? मुलालाही ते कळतं. त्याला स्वतःचं काहीतरी सांगायचं असतं, आणि घर त्याच्या हातात केळं धरून बसलेलं असतं.

नेदरलँड्समधल्या कर्णबधिरांच्या शाळेत फादर व्हान उडेन यांनी संभाषणाची एक पद्धत बसवली, तिचं बोट धरून आपल्याकडच्याही कित्येक शिक्षिका शिकल्या. तिचा गाभा सोपा आहे. मुलाला काय म्हणायचंय ते हेरायचं, त्याच्या वतीने ते शब्दांत म्हणायचं, आणि मग स्वतःच्या वतीने त्याला उत्तर द्यायचं. दोन्ही भूमिका आपल्याच. ऐकणाऱ्या बाळाशी प्रत्येक आई हेच करते. 'भूक लागली का माझ्या सोन्याला? हो हो, लागली म्हणतोय. आण दूध, म्हणतोय.' बाळ बहिरं आहे हे कळलं की तीच आई गप्प होते. तिला वाटतं, आता बोलून काय उपयोग. तिचं ते बंद पडलेलं बोलणं पुन्हा सुरू करून देणं, एवढंच खरं तर बालवर्गाच्या बाईचं काम.

एका घरी मी गेले तेव्हा चार वर्षांचा मुलगा अंगणातून धावत आला. दोन्ही हात वर, बोटं वाकडी, डोळे मोठे, घशातून आवाज. आईने मला चहा देता देता त्याला बाजूला सारलं. आजी मात्र उठली, त्याच्याबरोबर दारापर्यंत गेली आणि हसत सुटली. मग त्याच्यासमोर उकिडवी बसून म्हणाली, 'अगं बया, माकड आलं? आपल्या पेरूवर बसलं? पेरू खाल्ला त्यानं? हाण त्याला!' हात, डोळे, तोंड, सगळं एकदम चाललेलं. मुलगा मान डोलवत होता, मधेच 'माक' असं काहीतरी म्हणाला. आजी निरक्षर होती. भाकरी थापताना ती त्याला समोर बसवायची आणि जगाची बातमी द्यायची: पीठ जाड दळलंय, गिरणीवाल्याला सांगायला पायजे, तुझी आत्या येणार हाय. भेंडी घेताना त्यालाच विचारायची, ही कोवळी का ही? मी त्या घरी शिकवण्यासारखं फारसं काही नव्हतं. मी आईला एवढंच सांगितलं की त्या माकडाचं चित्र आज वहीत काढा. वही म्हणजे अनुभवांची वही: रोजचा एक प्रसंग, वेडंवाकडं चित्र, खाली दोन वाक्यं, यात्रेला गेलं तर एसटीचं तिकीट चिकटवलेलं. मूल ती वही उघडून वडिलांना, मामाला कालची गोष्ट सांगू शकतं. काल हा काळ बहिऱ्या मुलाला असाच दाखवावा लागतो.

दुसरं घर आठवलं की अजून राग येतो. आजोबा वारले तेव्हा सहा वर्षांच्या नातवाला शेजारी पाठवलं होतं. परत आला तर खाट रिकामी. त्याने आजोबांची खूण केली, मिशीला पीळ भरायची. घरचे रडायला लागले, कुणी काही सांगितलं नाही. लहान आहे, त्याला काय कळणार, नंतर सांगू. तो रोज संध्याकाळी एसटी यायच्या वेळी फाट्यावर जाऊन उभा राहायचा, कारण आजोबा बाहेरगावी जात तेव्हा त्या गाडीने परत येत. त्याच वयाच्या त्याच्या चुलतबहिणीला सगळं ठाऊक होतं. तिलाही कुणी सांगितलं नव्हतं. तिने भिंतीआडून ऐकलं होतं. आम्ही शेवटी फोटो घेऊन बसलो, चित्रं काढली, आईने हाताने, तोंडाने, रडत रडत त्याला सांगितलं. तो फाट्यावर जायचा थांबला.

आता खुणांचा वाद. १८८० साली मिलानमध्ये शिक्षणतज्ज्ञांची परिषद भरली आणि बहिऱ्या मुलांना बोलण्यातूनच शिकवावं, खुणा नकोत, असं ठरलं. ठरवणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते. त्या ठरावाने शंभर वर्षं जगभर मुलांचे हात दाबून ठेवले. २०१० साली व्हँकुव्हरच्या परिषदेत त्याबद्दल खेद व्यक्त झाला, तोवर पिढ्या गेल्या होत्या. आपल्याकडेही कित्येक शाळांत मुलं हात मागे बांधून बसलेली असत. खुणा केल्या तर आळशी होईल, बोलणार नाही, ही भीती आईबापांच्या मनात आजही घट्ट आहे. मला तसं काही दिसलं नाही. लॉरा-अ‍ॅन पेटिटो यांनी १९९१ साली दाखवलं की बहिऱ्या आईबापांची बहिरी बाळं बोबडं बोलतात ते हातांनी, आणि त्याच वयात, ज्या वयात ऐकणारी बाळं बाबाबाबा करतात. भाषेची भूक कानात नसून मेंदूत आहे, तिला दार कुठलंही चालतं.

दुसऱ्या बाजूचंही सांगितलं पाहिजे. चेन्नईची बाल विद्यालय ही शाळा १९६९ पासून लहान मुलांना खुणांशिवाय, ऐकण्यातून बोलायला शिकवते, आणि तिथली मुलं नेहमीच्या शाळेत जातात. तिथे आईला मुलाबरोबर वर्गात बसावं लागतं. मला वाटतं, यश त्या बसण्याचं आहे. प्रत्येक घरच्या आईला रोज शहर गाठणं जमत नाही, प्रत्येक मुलाचा कानही तेवढी साथ देत नाही. मग बोलणं येईपर्यंत मुलाने भाषेवाचून थांबायचं का? घरोघरी खुणा आपोआप तयार होतातच: नथ म्हणजे काकू, अंबाडा म्हणजे आजी. पण त्या उंबरठ्याच्या बाहेर कुणाला कळत नाहीत. भारतीय सांकेतिक भाषेचं संशोधन व प्रशिक्षण केंद्र २०१५ साली दिल्लीत स्थापन झालं, त्याचा दहा हजार शब्दांचा कोश चित्रफितींसह फुकट बघायला मिळतो. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही ही भाषा देशभर प्रमाणित करावी असं म्हटलं आहे. आईने, आणि हो, बापानेही, रोज थोड्या खुणा शिकाव्यात, तोंडाने बोलतही राहावं, मशीनही लावावं. कुठल्या वाटेने मूल पुढे जाईल ते मूलच दाखवतं.

लुईस ट्रेसी या बाईंचा मुलगा बहिरा होता. हॉलिवूडचा नट स्पेन्सर ट्रेसी तिचा नवरा. १९४२ साली तिने लॉस एंजेलिसमध्ये मुलाच्या नावाने केंद्र काढलं ते आईबापांना शिकवण्यासाठी, आणि दूरच्या घरांसाठी टपालाने पाठ पाठवले. एवढ्या वर्षांनीही आपल्याकडे मुलाला थेरपीला 'सोडून' बाहेर मोबाईल बघत बसणारे पालक दिसतात. अर्ध्या तासाच्या थेरपीने भाषा येत नाही. थेरपिस्ट आईला काय करायचं ते दाखवतो, करायचं घरीच असतं.

शेवटचं सांगणं नातेवाइकांना, कारण आईबाप दमलेले असतात. गणपतीला, दिवाळीला सगळं घर जमतं आणि कोपऱ्यात बसून मोबाईलवर खेळणारं शहाणं मूल दिसलं की आपण त्याचं कौतुक करतो, किती गुणी, त्रास म्हणून नाही. यंदा त्याच्यासमोर जाऊन बसा. उजेड तुमच्या तोंडावर येईल असे बसा, खिडकीला पाठ करून नको. हशा पिकला की कशावरून ते दोन वाक्यांत, हातवारे करून, तिथल्या तिथे सांगा. विनोद पांचट असला तरी सांगा, पांचट विनोदावरही त्याचा तेवढाच हक्क आहे. कुणी रुसलं असेल तर का रुसलं तेही सांगा. मूल काही सांगायला लागलं तर कळेपर्यंत थांबा, कळल्यासारखं करून मान हलवू नका, त्याला ते लगेच समजतं. आणि मामा-काकांनो, तुमच्या मिश्या ओठांवर उतरत असतील तर यायच्या आधी जरा कातरून या.